विलंबाचे मोल
एड्स, फुफ्फुसे आणि औषधांचा इतिहास

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक पत्रिकेत एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. ऑक्टोबर १९८० ते मे १९८१ या आठ महिन्यांत लॉस एंजलिस शहरातील तीन रुग्णालयांत पाच तरुणांना एक विलक्षण न्यूमोनिया झाला होता. पाचही जण पूर्वी धडधाकट होते. टिपण छापले जाईपर्यंत त्यांपैकी दोघे मरण पावले होते. डॉ. मायकेल गॉटलिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या या पाच रुग्णांपासून एड्सचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो. हा रोग जगाच्या नजरेस पडला तो असा फुफ्फुसांच्या वाटेने, आणि पुढे त्याने जे लक्षावधी बळी घेतले, त्यांतील फार मोठा वाटा फुफ्फुसांच्याच आजारांचा होता.

एचआयव्हीवरील औषधांनी या आजारांचे काय केले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. ही कथा वैद्यकशास्त्राच्या विजयाची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु तिची पाने सावकाश उलटली, तर औषधाइतकीच आणखी एक गोष्ट जागोजागी आढळते. ती म्हणजे विलंब. जे ठाऊक होते ते वेळेवर केले गेले नाही, जे तयार होते ते वेळेवर पोहोचले नाही, आणि जे आज दाराशी उभे आहे ते घेण्यास माणूस वेळेवर येत नाही.

जंतू जुना, रोगी नवे

त्या पाच तरुणांच्या फुफ्फुसांत जो जंतू सापडला तो काही नवा नव्हता. ब्राझीलचे कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये तो पाहिला होता. पण आपण अभ्यासत असलेल्या दुसऱ्याच एका जीवाची ती एक अवस्था आहे, असा त्यांचा समज झाला. १९१२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील डेलानोए दांपत्याने तो स्वतंत्र जीव असल्याचे दाखवले आणि इटालियन शास्त्रज्ञ कारिनी यांच्या सन्मानार्थ त्याला 'न्यूमोसिस्टिस कारिनी' असे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे हा जीव प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र युरोपातील अनाथालयांत कुपोषित आणि अशक्त तान्ही बालके एका न्यूमोनियाने दगावू लागली. झेक शास्त्रज्ञ ओटो यिरोवेत्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी त्या न्यूमोनियाचा संबंध या जीवाशी जोडला. माणसाला बाधणाऱ्या प्रकाराला आज 'यिरोवेत्सी' हे नाव आहे. तो बुरशीच्या कुळातील आहे, हे तर १९८८ मध्ये उमगले.

भुकेने खंगलेली बालके, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुले, मूत्रपिंडाचे रोपण झालेले रुग्ण, अशांनाच हा न्यूमोनिया होत असे. याचा अर्थ डॉक्टरांना ठाऊक होता: हा जंतू धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वाटेस जात नाही. म्हणूनच रोगनियंत्रण केंद्रात औषधांच्या मागण्या हाताळणाऱ्या सँड्रा फोर्ड या कर्मचारी महिलेच्या नजरेत एक गोष्ट भरली. या न्यूमोनियावरील पेंटामिडीन हे औषध अमेरिकेत केवळ त्या केंद्रातूनच मिळत असे. १९८१च्या वसंत ऋतूत अशा तरुणांसाठी मागण्या येऊ लागल्या, ज्यांची प्रतिकारशक्ती खालावण्याचे कोणतेही कारण कागदावर नव्हते. तिने ते वरिष्ठांच्या ध्यानात आणून दिले. एका मोठ्या साथीची चाहूल अशी एका दक्ष कर्मचारिणीला लागली होती.

पहारा उठतो तेव्हा

१९८३ मध्ये पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्युक माँतान्ये आणि सहकाऱ्यांनी या रोगामागचा विषाणू शोधून काढला. बारे-सिनुसी आणि माँतान्ये यांना त्याबद्दल २००८चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरून त्यांचा नाश करतो. या पेशी स्वतः जंतूंना फारशा मारत नाहीत. त्यांचे काम सेनापतीचे आहे. फुफ्फुसांतील वायुकोशांत भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. कोणावर तुटून पडावयाचे, किती बळ लावावयाचे, याचा आदेश त्यांना सीडी-४ पेशींकडून मिळतो. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात. ही संख्या २०० च्या खाली उतरली की न्यूमोसिस्टिसला रान मोकळे होते. ती ५० च्याही खाली गेली, तर माती-पाण्यात वावरणारे, एरवी निरुपद्रवी असे क्षयाच्या जातीचे जंतूही शरीरभर पसरतात.

अशा आजारांना आपल्याकडील डॉक्टर 'संधिसाधू' आजार म्हणतात. हा शब्द मोठा समर्पक आहे. हे जंतू आपल्या अवतीभवती असतातच. पहारा उठण्याची ते केवळ वाट पाहत असतात.

या आजारांचे मरण श्वासाचे मरण होते. कोरडा खोकला, ताप, चार पावले चालताच लागणारी धाप आणि अखेरीस प्राणवायूच्या नळीवर मोजलेले दिवस. २४ डिसेंबर १९८५ रोजी मदर तेरेसा यांनी न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी 'गिफ्ट ऑफ लव्ह' हे घर उघडले, तेव्हा तेथे येणारा माणूस मरण्यासाठीच येत होता. त्याचा हात हातात घेणे, एवढेच त्या काळी शक्य होते.

ठाऊक असलेले औषध

खरे म्हणजे एवढेच शक्य होते, असे म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. सल्फा वर्गातील कोट्रायमॉक्सॅझोल हे औषध बाजारात होते. आपल्याकडे 'सेप्ट्रान' या नावाने ते घरोघर परिचित आहे. १९७७ मध्येच अमेरिकेतील डॉ. वॉल्टर ह्यूज यांनी दाखवून दिले होते की, कर्करोगग्रस्त मुलांना या स्वस्त गोळ्या नियमित दिल्या, तर त्यांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया होतच नाही. न्यूयॉर्कमधील डॉ. जोसेफ सॉनबेंड यांच्यासारखे काही डॉक्टर आपल्या एड्सच्या रुग्णांना त्या आधीपासून देत होते. १९८७ मध्ये मायकेल कॅलन या रुग्ण-कार्यकर्त्याने आणि त्याच्या साथीदारांनी शासकीय शास्त्रज्ञांना गळ घातली की, सर्व डॉक्टरांना तशी शिफारस करावी. पुरेसा अभ्यास झालेला नाही, असे उत्तर मिळाले. सरकारी शिफारस आली ती १९८९ च्या जूनमध्ये. पुराव्याचा आग्रह धरणे हा शास्त्राचा धर्मच आहे. परंतु ती दोन वर्षे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्यापैकी अनेकजण ती शिफारस वाचावयास उरले नाहीत.

प्रतिबंधक गोळ्यांनी एक दार बंद झाले, पण पहारा काही परतला नाही. न्यूमोसिस्टिसपासून वाचलेला रुग्ण काही महिन्यांनी दुसऱ्या संसर्गाने जात असे. मार्च १९८७ मध्ये एचआयव्हीवरील पहिले औषध झिडोव्ह्युडिन, म्हणजेच एझेडटी, मंजूर झाले. त्याच्या चाचणीत २८२ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी एक आणि नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी एकोणीस जण दगावले, तेव्हा ती चाचणी मध्येच थांबवण्यात आली. आशा उंचावली. परंतु एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई. एझेडटी आधीपासून घेतल्याने आयुष्य वाढत नाही, असे ब्रिटन आणि फ्रान्समधील 'काँकॉर्ड' चाचणीने १९९३ मध्ये दाखवले आणि सर्वत्र निराशा पसरली.

तिहेरी औषधांचे वर्ष

१९९५ च्या डिसेंबरात आणि १९९६ च्या आरंभी प्रोटिएज-रोधक नावाची नवी औषधे मंजूर झाली. जुन्या दोन औषधांच्या जोडीला तिसरे असे औषध दिले, तर विषाणूला निसटावयास फट उरत नाही, हे जुलै १९९६ मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या जागतिक परिषदेत स्पष्ट झाले. पुढे जे घडले त्याचे आकडे बोलके आहेत. अमेरिकेतील १,२५५ अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या सीडी-४ पेशी कधी ना कधी १०० च्या खाली गेलेल्या होत्या. १९९५ च्या आरंभी त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण वर्षाला शंभरी २९.४ होते, १९९७ च्या मध्यास ते ८.८ वर आले. न्यूमोसिस्टिस, क्षयाच्या जातीचा पसरलेला संसर्ग आणि डोळ्यांचा एक विषाणूजन्य रोग, या तीन मोठ्या संधिसाधू आजारांचे प्रमाण १९९४ मध्ये शंभरी २१.९ होते, ते ३.७ झाले. युरोपातील एका विस्तृत अभ्यासात न्यूमोसिस्टिसचे प्रमाण मार्च १९९५ पूर्वी शंभरी ४.९ होते, मार्च १९९८ नंतर ते ०.३ वर उतरले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या तिहेरी औषधांतील एकही औषध न्यूमोसिस्टिसला मारत नाही, की क्षयाच्या जंतूला इजा करीत नाही. ती केवळ एचआयव्हीची वाढ रोखतात. विषाणू आवरला की सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागतात, पहारा परत उभा राहतो आणि फुफ्फुसांचे रक्षण शरीर स्वतःच करू लागते. याची कसोटीही लवकरच लागली. पेशी २०० च्या वर स्थिरावल्यावर सेप्ट्रानसारख्या प्रतिबंधक गोळ्या थांबवता येतील काय, असा प्रश्न निघाला. युरोपात झालेल्या अभ्यासांतून १९९९ ते २००१ या काळात उत्तर मिळाले: थांबवता येतात, न्यूमोनिया परतत नाही. उपचाराने शरीराला त्याचे स्वतःचे सामर्थ्य परत दिले होते.

आठ वर्षांचे अंतर

ही सुवार्ता भारतात पोहोचावयास आठ वर्षे लागली. भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या शोधकार्यातून उघडकीस आला होता. तिहेरी औषधांचा पाश्चात्त्य देशांतील खर्च एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आपल्या कष्टकरी माणसाच्या लेखी ते औषध असून नसल्यासारखेच होते.

हे अंतर तोडण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यानुसार औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवता येई. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांच्या काळात तीन औषधे एका गोळीत आणली. फेब्रुवारी २००१ मध्ये ती एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दराने, देऊ केली. जगभरची औषधांची किंमत त्यानंतर कोसळली. १ एप्रिल २००४ रोजी भारत शासनाने आठ सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते.

आपल्याकडे मात्र फुफ्फुसांचा मुख्य शत्रू न्यूमोसिस्टिस नव्हता. तो जुना, ओळखीचा क्षय होता. क्षयाचा जंतू श्वासावाटे शिरला, तरी बहुतेकांना क्षयरोग होत नाही. शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडून ठेवते, आणि असे कोंडलेले जंतू माणूस आयुष्यभर बाळगू शकतो. आयुष्यभरात अशा शंभरातील पाच ते दहा जणांनाच क्षय होतो. एचआयव्हीने सीडी-४ पेशी संपवल्या की गाठीची भिंत ढासळते, आणि जो धोका आयुष्यभराचा होता तो जवळजवळ एका वर्षात अंगावर येतो.

त्यात आणखी एक फसगत आहे. छातीच्या छायाचित्रात क्षयाची जी ठळक पोकळी दिसते, ती प्रतिकारशक्तीच्याच झुंजीतून पडलेली असते. जेथे झुंजच नाही तेथे पोकळी नाही, थुंकीत जंतूही थोडे. त्यामुळे रोग बळावलेला असतानाच तपासणी 'निर्दोष' येऊ शकते. २०१० नंतर आलेल्या सीबीनॅटसारख्या चाचण्यांनी ही अडचण पुष्कळशी कमी केली आहे.

उपचाराने या क्षयाचे काय झाले? दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या अभ्यासात २००२ मध्ये दिसून आले की, तिहेरी औषधे घेणाऱ्यांत क्षयाचे प्रमाण ८१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र ते शून्य झाले नाही. उपचार घेणाऱ्या माणसालाही इतरांपेक्षा क्षयाचा धोका अधिक राहतो. म्हणून आज त्याला क्षयप्रतिबंधक गोळ्याही दिल्या जातात. आपल्याकडे पाचगणीचे बेल-एअर हे एकेकाळी क्षयरोग्यांसाठी डॉ. रुस्तमजी बिलीमोरिया यांनी उभारलेले आरोग्यधाम पुढे एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेचे केंद्र झाले. या दोन रोगांचे नाते त्या एका वास्तूच्या इतिहासातही दिसते.

बरे होताना बिघडणे

उपचारांच्या पहिल्या वर्षांत डॉक्टरांना एका विचित्र प्रकाराने चकवले. क्षयाच्या औषधांनी सुधारत असलेल्या रुग्णाला एचआयव्हीची औषधे सुरू केली की काही आठवड्यांत ताप उलटे, गाठी सुजत, धाप वाढे. १९९८ मध्ये फ्लॉरिडातील डॉक्टरांनी अशा ३३ रुग्णांपैकी १२ जणांत हे घडल्याची नोंद केली. औषध बाधले असे घरच्यांना वाटे, आणि गोळ्या बंद केल्या जात.

प्रत्यक्षात हे पहारेकरी परतल्याचे लक्षण होते. इतके दिवस दुर्लक्षित राहिलेल्या जंतूंवर आणि त्यांच्या अवशेषांवर प्रतिकारशक्ती एकाएकी तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत फुफ्फुसच सुजते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या विकाराला 'आयरिस' म्हणतात. बहुतेक रुग्ण यातून निभावतात. उपचार सहसा बंद करावे लागत नाहीत, गरजेप्रमाणे स्टेरॉइड देऊन सूज आवरली जाते.

या भीतीपोटी एक मोठा प्रश्न उभा राहिला. क्षयाचे सहा महिन्यांचे उपचार पूर्ण होईपर्यंत एचआयव्हीची औषधे थांबवावीत काय? थांबणे सावधपणाचे वाटत होते. शिवाय क्षयावरील रिफाम्पिसिन यकृताला इतके तत्पर करते की एचआयव्हीची काही औषधे रक्तात टिकत नाहीत. त्यासाठी औषधे बदलावी लागतात किंवा मात्रा वाढवावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथील ६४२ रुग्णांच्या चाचणीने २०१० मध्ये निकाल दिला: दोन्ही उपचार एकत्र देणाऱ्यांत मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी झाले. २०११ मध्ये कंबोडियातील ६६१ अतिशय खालावलेल्या रुग्णांच्या चाचणीने पुढचे पाऊल टाकले. क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर आठ आठवड्यांनी एचआयव्हीची औषधे दिलेल्यांत २७ टक्के दगावले. दोन आठवड्यांनी दिलेल्यांत १८ टक्के. लवकर दिल्याने आयरिसचा त्रास वाढला, तरी जीव अधिक वाचले. मेंदूच्या आवरणाचा क्षय हा त्याला अपवाद. तेथे डॉक्टर जपून वाट पाहतात.

उरलेला विलंब

२०१५ पर्यंत शास्त्रापुरता प्रश्न मिटला. ३५ देशांतील ४,६८५ जणांच्या 'स्टार्ट' चाचणीत, पेशी भरपूर असतानाच उपचार घेतलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निदान होताच उपचार देण्याची शिफारस केली आणि २०१७ मध्ये भारताने ते धोरण स्वीकारले. आपल्या देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. संख्येने सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यासाठी औषध मोफत आहे. नियमित गोळी घेणारा माणूस काम करतो, संसार करतो, नातवंडे पाहतो.

तरीही २०२३ या एका वर्षात जगभर एचआयव्ही असलेले १,६१,००० लोक क्षयाने मरण पावले. हे मृत्यू औषध नाही म्हणून झाले असे आता सरसकट म्हणता येत नाही. यांतील कित्येकजण तपासणीस आलेच नाहीत, धाप लागल्यावर आले, किंवा आठवड्यामागून आठवडे गोळ्या चुकवून पहारा पुन्हा उठवून बसले. न्यूमोसिस्टिसही कोठे गेलेला नाही. उशिरा आलेल्या रुग्णाला तो आजही पहिल्या दिवसाइतक्याच निर्दयपणे गाठतो.

माणूस उशिरा का येतो, हे सांगावयास शास्त्रज्ञ नकोत. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना रोगाचे खरे नाव बहुधा सर्वांत शेवटी कळते. 'छातीत कफ साठला आहे', 'हवा बदलली', 'न्यूमोनिया झाला होता', असे सांगितले जाते. त्यामागे भय असते: मुलीचे लग्न मोडेल, शेजारी पेला वेगळा ठेवतील, कामावरून काढतील. २०१७ मध्ये संसदेने कायदा करून असा भेदभाव दंडनीय ठरवला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. परंतु ओटीवरच्या कुजबुजीवर कायद्याचा अंमल चालत नाही. तेथे आपलाच अंमल चालतो.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांकडे एवढेच मागणे आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरत जाणारे वजन यांची तपासणी करून घ्या. क्षय निघाला तर एचआयव्हीची, आणि एचआयव्ही निघाला तर क्षयाची तपासणी नाकारू नका. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रकृती बिघडली, तर गोळी बंद न करता डॉक्टरांकडे जा. आणि शेजारच्या घरातून रात्री खोकल्याचा आवाज येत असेल, तर त्याची चर्चा करण्याऐवजी सकाळी त्या दारात जाऊन विचारा: दवाखान्यात सोबत येऊ का?